काचेवरचा नारिंगी थर

माझ्या प्रबंधातलं पहिलं वाक्य माझं नाही. माझ्या मार्गदर्शक सरांनी ते तोंडी सांगितलं आणि मी उतरवून घेतलं. या पदार्थाचे पातळ थर सौर घटांसाठी आणि प्रकाशीय तबकड्यांवर, म्हणजे सीडीसारख्यांवर, माहिती नोंदवण्यासाठी उपयोगी आहेत, अशा अर्थाचं ते वाक्य होतं. आमच्या प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाचा प्रबंध त्याच वाक्यानं सुरू व्हायचा. पदार्थाचं नाव तेवढं बदलायचं.

माझ्या वाट्याला अँटिमनी सल्फाइड आलं होतं. मेहकरच्या एका कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मी ते काचेवर चढवायची. चंचुपात्रात दोन द्रावणं मिसळायची, त्यात स्वच्छ धुतलेल्या काचपट्ट्या उभ्या सोडायच्या आणि तीन-चार तास थांबायचं. पट्टी बाहेर काढली की तिच्यावर नारिंगी रंगाचा थर असायचा, इतका पातळ की त्याच्यातून खिडकी दिसायची. हीच पट्टी भट्टीत तापवली की थर काळसर राखाडी व्हायचा. सर म्हणायचे, लेसरनं एवढासा ठिपका तापवला की तेवढ्याच जागी रंग पालटतो, झालं तबकडीवर लिहिणं. आणि हाच थर ऊनही चांगलं शोषतो, म्हणून सौर घट.

सुट्टीत बीबीला, माझ्या गावी, गेले की बाबा विचारायचे, "मंग तुह्या काचेवर आपल्या विहिरीची मोटर चालन का?"

"अजून नाही बाबा. हे फक्त थर कसा बसतो ते पाहायचं काम आहे."

"बसते ना पन?"

लहान भाऊ मध्येच म्हणायचा, "सीडी आता कोन पाह्यते वं ताई? सारं मोबाइलमधी आलं." मी त्याला गप्प बसवायची, पण त्याचं खरं होतं. मेहकरातलं सीडीचं शेवटचं दुकान तेव्हा मोबाइलची कव्हरं विकायला लागलं होतं.

हा थर थंड ठेवलेल्या द्रावणात चढवावा लागतो. तापमान दहा अंशांच्या वर गेलं की सगळा पदार्थ काचेवर न बसता गढूळ होऊन तळाला जातो. उन्हाळ्याच्या तोंडावर आमचा फ्रिज बंद पडला, तेव्हा मी बसस्टँडमागच्या बर्फवाल्या चाचांकडून रोज सकाळी दोन किलो बर्फ आणायला लागले. चाचा रसवंतीवाल्यांना बर्फ पुरवायचे. गोणपाटात गुंडाळलेली लादी काढून टोच्यानं फोडायचे आणि माझ्या थर्मोकोलच्या डब्यात भरून द्यायचे. "बेटी, सरबताचं दुकान टाकलं का कॉलेजात?" असं एकदा विचारलंही त्यांनी.

बर्फात ठेवलेल्या चंचुपात्रातले थर सुंदर आले. सगळीकडे सारखे, चकचकीत. थर घट्ट आहे का, हे पाहायची आमची पद्धत साधी होती. चिकटपट्टी लावायची आणि झटक्यात ओढायची. चिकटपट्टी कोरी निघायची.

दोन महिन्यांनी सरांच्या खटपटीनं थंड पाण्याचं यंत्र आलं. बटण फिरवून आकडा लावला की पाणी तेवढ्याच अंशावर राहायचं. सरांनी त्याला हार घातला, पेढे वाटले. मी त्यात पहिली पट्टी लावली, संध्याकाळी चिकटपट्टी ओढली, आणि अख्खा थर चिकटपट्टीवर आला. काच स्वच्छ. जणू काही चढलंच नव्हतं.

मला वाटलं, माझंच चुकलं. काचा पुन्हा धुतल्या. रसायनाची नवी बाटली फोडली. पट्ट्या तिरक्या ठेवल्या, मग उभ्या ठेवल्या. थर यायचा आणि सोलून निघायचा. परत बर्फ आणला तर थर घट्ट. चंचुपात्रातला तापमापक दोन्हीकडे दहाच दाखवायचा. तो खोटा असेल म्हणून दुसरा आणला. तोही दहाच.

सर म्हणाले, "बर्फात मीठ असेल. मिठानं तापमान आणखी उतरतं, मग सुरुवातीचा थर सावकाश बसत असेल. विचारून ये."

तापमापक दहा दाखवतोय तर मीठ असून काय फरक पडणार, हे मला कळलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांना विचारलं, "चाचा, तुम्ही बर्फात काही टाकता का?"

त्यांचा टोचा थांबला. "काय टाकतो म्हंजे?"

"म्हणजे मीठ वगैरे…"

"मॅडम, तुम्ही बी तेच म्हनून राह्यल्या का?" एरवी ते मला बेटी म्हणायचे. मला नंतर कळलं की आठवड्यापूर्वी कुण्या गिऱ्हाइकानं पोट बिघडल्याचं खापर त्यांच्या बर्फावर फोडून दुकानासमोर तमाशा केला होता. त्यांनी लादीचा एक तुकडा फोडला, धुतला आणि माझ्या हातावर ठेवला. "खा. सांगा मले, खारट लागते का?"

रसवंतीवाले दोघं उभे होते. मी तो तुकडा तोंडात टाकला. दात ठणकले. खारट नव्हता.

"नाही लागत," मी म्हणाले.

त्यांनी डबा भरून दिला. त्या दिवशी बर्फात ठेवलेला थरही सोलून निघाला.

आता मात्र माझं डोकं चालेना. बर्फ तोच, डबा तोच, मी तीच. मी चार दिवस बीबीला निघून गेले. आईला हरभऱ्याची डाळ निवडू लागले आणि दर थोड्या वेळानं मनात सकाळपासूनचा क्रम म्हणत राहिले: काच, पाणी, बर्फ, द्रावण. कुठे काय निराळं झालं? आई म्हणाली, "काय पुटपुटून राह्यली वं?"

परत आल्यावर आधी चाचांकडे गेले. बर्फ चांगलाच आहे, माझंच काम अडलंय, हे सांगितलं. माफी मागितली. ते ऐकून घेत होते, पण त्यांना एवढंच कळलं असावं की ही पोरगी रडायच्या बेतात आहे. दुपारी बाजार थंडावल्यावर ते स्वतः बर्फानं भरलेला डबा घेऊन दोन जिने चढून आले. "पाहू द्या, माह्या बर्फाचं काय करता ते."

मी त्यांच्यासमोर पट्ट्या लावल्या. तीन तास ते स्टुलावर बसले. मध्ये नमाजासाठी तेवढे जाऊन आले. पट्टी बाहेर काढून वाळवली तेव्हा त्यांनी ती खिडकीशी धरून पाहिली. "एवढंसंच?" मग विचारलं, "हे निंगते का?" मी चिकटपट्टी लावली आणि ओढली. कोरी. त्यांना राहवलं नाही, त्यांनी नखानंही खरवडून पाहिलं. थर हलला नाही.

सर तेवढ्यात आत आले होते. चाचांनी त्यांना आदरानं सलाम केला आणि यंत्राकडे बोट दाखवून विचारलं, "सर, मंग हे काऊन घेतलं?"

सर हसले, पण त्यांना ते झोंबलं. चाचा गेल्यावर मला म्हणाले, "प्रबंधात फक्त तापमान लिही. बर्फ-बिर्फ लिहू नको."

"पण सर, यंत्रात थर टिकत नाही. उद्या कुणी वाचून करून पाहिलं तर?"

"कारण सांगता येतं का तुला?"

नव्हतं येत. थर्मोकोलमध्ये पाणी हलत नाही आणि यंत्रात ते सतत फिरतं, त्याचा हादरा चंचुपात्राला बसत असेल, असं मला वाटायचं. म्हणून मी यंत्राचा पंप बंद ठेवून पाहिला होता, तरी थर निघाला. आणि हादरा हे कारण असेल तर त्या एका दिवशी बर्फातला थर का निघाला? आठ दिवस आम्ही दोघं एकमेकांशी कामापुरतं बोललो. शेवटी मी लिहिलं की थर बर्फात घेतले, यंत्रात ते टिकले नाहीत, कारण समजलं नाही. सरांनी ते पान वाचलं, पेन उघडलं, बंद केलं, मग पुन्हा उघडून सही केली.

तोंडी परीक्षेला बाहेरगावाहून वयस्कर परीक्षक आले होते. त्यांनी नेमकं तेच पान काढलं. "कारण समजलं नाही? असं लिहितात का कुणी?" सगळे हसले. मी उभी राहून सगळा क्रम सांगितला, यंत्र, बर्फ, तो बिघडलेला दिवस. त्यांनी ऐकून घेतलं आणि पान उलटलं. पदवी मिळाली.

चहानंतर मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. दार उघडं ठेवून ते म्हणाले, "माझ्याकडे घरी कपाटात एक काच आहे. जस्ताच्या ऑक्साइडची. पुन्हा कधी तशी आली नाही."

"मग तुम्ही काय लिहिलं, सर?"

"काय लिहिणार? तापमान, वेळ, प्रमाण." एवढं बोलून ते बसले.

हे त्यांनी माझ्या समाधानासाठी सांगितलं की मला सावध करायला, ते मला उमगेना. गाडी फाटकातून वळून खामगावच्या रस्त्याला लागली तेव्हा लक्षात आलं की ती काच चांगली आली होती की बिघडलेली, हेही त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.