बावन्न खुणा

सुधाकरने, माझ्या धाकट्या भावाने, दवाखान्यात मला विचारलेला शेवटचा प्रश्न खेळाचा होता. "आक्का, परवाच्या खुणा ताडून पाह्यल्या ना?"

"दोनदा," मी म्हणाले. एकदाही पाहिल्या नव्हत्या. त्या खुणा उतरवल्या त्या दिवशी त्याला दवाखान्यात न्यायला नांदेडची एसटी गाठायची होती, औषधांची यादी करायची होती... त्याच आठवड्यात तो गेला.

परभणीत तो संगणकाचे वर्ग घ्यायचा. जपानला जाऊन आलेल्या मित्राने त्याला टीव्हीला जोडायचा एक खेळ दिला होता. आमच्या टीव्हीवर त्याचे रंग उमटत नसत आणि अक्षर तर एकही कळत नसे. चौघं जण रांगेने गावोगाव हिंडतात, राक्षसांशी लढतात, एवढं समजायचं. खेळ थांबवताना पडद्यावर बावन्न अक्षरं येत; आम्ही त्यांना खुणा म्हणायचो. ती उतरवून पुढच्या वेळी जशीच्या तशी भरली, तरच खेळ तिथून पुढे. एक चुकलं की काहीच उघडत नसे. उतरवायचं काम माझं. कचेरीत हेडक्लार्क असल्याने मी वहीला रकाने आखले, अक्षरांना विळा, खुर्ची, मासोळी अशी नावं दिली.

मला मात्र त्याच्या वर्गातल्या संगणकावरचा इंग्रजी खेळ आवडायचा. राक्षस तेच, पण तिथे आधी विचारतात, तू कोण? नाव, कुळ, धंदा, ताकद, अक्कल, सगळं आपण ठरवायचं आणि वाट्टेल त्या दिशेला निघायचं.

"ह्यो खेळ न्हाई, अर्ज हाय," सुधाकर चिडवायचा. "म्हणून तुला लय आवडायलाय."

"मग काय वाईट? बाबांला कुणी दिला असता का असा अर्ज? कुळ, धंदा, पायजे ते लिवा!"

बाबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली, पण गावाने त्यांचा जुना रकाना कधी खोडला नाही.

"पन तुज्या खेळात माणूस मेला तर?" सुधाकरने विचारलं.

"नवा अर्ज भरायचा," मी पटकन बोलून गेले. त्याच्या मूत्रपिंडांचा रिपोर्ट तेव्हा माझ्याच पर्समध्ये होता.

तो हसला. "माज्या जपानवाल्यांचं बरं हाय. गोष्ट ठरलेली, वाट बी ठरलेली. पन मेलेल्याला मागं टाकत न्हाईत. पेटीत घालून रांगेत संगं नेतात."

सुधाकरच्या नावाने पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर मी वही काढली. खुणा भरल्या, खेळाने नाकारल्या. मग एकमेकींसारख्या दिसणाऱ्या खुणांची यादी केली आणि रोज कचेरीतून आल्यावर एकेक बदलून पाहत, टिक करत गेले. गेल्या रविवारी दुपारी चूक सापडली. एका मासोळीच्या शेपटीला बारीकशी गाठ होती, ती घाईत माझ्याकडून राहिली होती...

पडदा उजळला. चौघं उभी होती, पेटी एकही नव्हती. सगळ्यांत पुढे तो. स्वतःला त्याने कुठली अक्षरं निवडून नाव दिलं होतं, ते मला अजून वाचता येत नाही. या खेळात माणसं थांबली तरी त्यांचे पाय थांबत नाहीत. चौघं जागच्या जागी चालत होती. मी बटणाला हात लावला नाही. वहीतल्या मासोळीला लाल शाईने गाठ घातली, आणि बावन्नच्या बावन्न खुणा ताडून पाहिल्या. दोनदा.