मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक

धारला आमची रोपवाटिका आहे. नवरा बँकेत जातो, त्यामुळे ती खरं म्हणजे माझीच. पेरू, सीताफळ, मोगरा, कुंड्या, माती, खत, सगळं इकडून तिकडे न्यायचं म्हणजे गाडी हवीच. थोरले दीर देवासला नमकीनचा घाऊक धंदा करतात. त्यांनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी पिकअप आमच्याकडे आली. किल्ली माझ्या हातात ठेवताना ते म्हणाले, "घरची गाडी घरात राहिली. ब्रेकचं काम आत्ताच करून घेतलंय. डोळे मिटून चालव."

मी चालवली. डोळे उघडे ठेवूनच, पण विश्वासाने चालवली. धारच्या बाजारात, सपाट रस्त्यावर काही कळत नसे. ब्रेक दाबला की गाडी जराशी उजवीकडे झुकायची. जुनी गाडी आहे, चालायचंच, असं मी स्वतःला समजावत होते.

मांडूला एका खाणावळवाल्याला अंगणात लावायला रोपं हवी होती. सासूबाई म्हणाल्या, मलाही ने, रामाचं दर्शन होईल. रोपं उतरवली, दर्शन झालं, आणि परत येताना ओळखीच्या शेतकऱ्याकडून शेणखताची पोती मागे भरून घेतली. भरलेली गाडी घाट उतरायला लागली. पहिल्या वळणावर गाडी नेहमीपेक्षा जास्त उजवीकडे ओढली गेली. दुसऱ्या वळणावर करकर असा लोखंड घासल्याचा आवाज आला आणि जळका वास केबिनमध्ये शिरला. तिसऱ्या वळणाआधी पाय दाबला तर पेडल ओल्या मातीत रुतल्यासारखं खाली गेलं. समोर कठडा, कठड्यापलीकडे दरी.

मी गिअर खाली पाडत गेले, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घासत नेली. ती थांबली. पोती फुटली, खत आमच्या काचेवरून खाली घसरलं. सासूबाईंचं कपाळ समोर आपटलं होतं. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "थांबली का गं?"

मागून आलेल्या जीपवाल्याने उतरून चाकाजवळ नाक नेलं आणि चटकन मागे घेतलं. "भाभी, ब्रेक तो गए आपके." त्याच्याच जीपमधून मी सासूबाईंना पुढे दवाखान्यात पाठवलं. गाडी ट्रॅक्टरला बांधून घरी आणली.

नवऱ्याचं म्हणणं होतं, गॅरेजला देऊ. मी म्हटलं, "आत्ताच केलेलं काम तेसुद्धा कुठल्यातरी गॅरेजचंच आहे ना? मला आत काय आहे ते माझ्या डोळ्यांनी बघायचंय." माझं माहेर अमझेऱ्याचं. शेतीची जीप होती, तिचे ब्रेक अंगणातच उघडले जायचे आणि मी वडिलांच्या शेजारी बसून स्प्रिंगा पुसायची. ते काम मला नवीन नव्हतं. विसरलं होतं ते मोबाइलवर व्हिडिओ पाहून आठवलं.

रविवारी सकाळी पुढच्या चाकांना दगड लावले, मागची बाजू जॅकने उचलून लोखंडी घोडीवर टेकवली, चाकं काढली. डाव्या बाजूचा ब्रेकचा ड्रम हलेना. गंजून बसला होता. तेल सोडलं, कडेने हातोडीने ठोकत गेले, मग त्याच्याच दोन भोकांत बोल्ट फिरवत त्याला बाहेर ढकललं. तो एकदम सुटला आणि आतून जो वास आला, तो मला अजून लिहिताना नाकात जाणवतो. कुजलेलं तेल, जळलेलं रबर आणि पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीचा कोंदटपणा, असं काहीतरी एकत्र झालेलं. नवऱ्याने नाकाला रुमाल लावला आणि तो तुळशीपाशी जाऊन उभा राहिला.

ड्रमच्या आत काळा चिखल होता. काजळासारखा नव्हे, काजळ स्वच्छ असतं. हा घट्ट, चिकट, बोटाला लागला की साबणाने न सुटणारा. ड्रमला घासून चाक थांबवणारं ब्रेक शूवरचं लायनर त्यात भिजून फुगलं होतं आणि नखाने त्याचे पापुद्रे निघत होते. एक स्प्रिंग तुटलेली, तिच्या जागी वळवलेली तार. आणि शूच्या मागे, सिलिंडरच्या खाली, काहीतरी कोंबलेलं होतं. मला आधी मेलेला उंदीर वाटला. पक्कडीने ओढून काढलं तर बनियन. कुणाच्या तरी अंगावरची, काखेत भोक पडलेली बनियन, ब्रेकच्या तेलाने भिजून काळी लिबलिबीत झालेली.

"हे काय आहे?" नवऱ्याने लांबूनच विचारलं.

"गळणारं तेल बाहेर दिसू नये म्हणून बसवलेलं लंगोट आहे," मी म्हटलं.

तो हसला नाही. मीही विनोद म्हणून म्हटलं नव्हतं.

मग गाडीखाली सरकून बॅटरी मारली. त्या चाकाकडे येणारा तेलाचा बारीक पाइप दुमडलेला होता. दुमडून हातोडीने चपटा केलेला, वर पुन्हा एकदा ठोकलेला. म्हणजे या चाकाला ब्रेक नव्हताच. पाय दाबला की तेल इथवर येऊन थांबत होतं. सगळा भार उजव्या चाकावर आणि पुढच्यांवर. उजवा ड्रम उघडला तर तिथलं लायनर पार झिजून रिबिटा लोखंडाला घासत होत्या. ड्रमच्या आतल्या अंगावर खोल चरे पडले होते. घाटात करकर वाजलं ते हेच, आणि त्याच घासण्याने तापून तेल उकळलं म्हणून पेडल खाली गेलं.

मी हात पुसले आणि देवासला फोन लावला. स्पीकर चालू ठेवला, नवऱ्याला ऐकू यावं म्हणून.

"भावजी, मागच्या डाव्या चाकाचा पाइप ठोकून बंद केलाय."

"हो हो, ते सिलिंडर गळत होतं ना," ते अगदी सहज म्हणाले. मागे फरसाण भरायच्या यंत्राचा आवाज येत होता. "मिस्त्री बोलला, सामान यायला टाइम आहे, तोवर बंद करून देतो. मग तसंच राहून गेलं."

"तुम्ही म्हणालात ब्रेकचं काम करून घेतलंय."

"तेच तर काम!" आणि ते हसले. "अगं, तीन तर चालतात ना? चौथ्याचं काय एवढं!"

"गाडीत आई होत्या."

ते म्हणाले, "उतारावर गिअरमध्ये आणायची असते गाडी. इथे देवासला कधीच काही झालं नाही. तू चालवतेस पण जरा जोरात."

मी फोन ठेवला. मला राग यायला हवा होता, पण आली ती किळस. रागात माणूस काहीतरी करतो. किळस आली की फक्त लांब व्हावंसं वाटतं. त्यांना माहीत होतं. ठोकलेला पाइप माहीत होता, बनियनही माहीत असणार, आणि तरी किल्ली देताना डोळे मिटून चालव म्हणाले होते.

नवरा म्हणाला, "जाऊ दे ना. दादा पहिल्यापासून असाच आहे. त्याच्या मनात काही वाईट नसतं."

मला त्या क्षणी त्याच्या 'जाऊ दे'चीही तेवढीच शिसारी आली. "अहो, तुमच्या आईचं कपाळ बघा आणि मग म्हणा," एवढंच बोलले.

सासूबाई ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. कपाळावरचं टेंगूळ उतरलं होतं पण डोळ्याखालपर्यंत निळंजांभळं पसरलं होतं. त्यांनी फोन ऐकला होता. म्हणाल्या, "तो पाइप काय म्हणतेस, मला दाखव."

मी तेवढा तुकडा कापून, पुसून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उन्हात धरून बोटांनी चाचपला.

"हे त्याने केलं?"

"मिस्त्रीने केलं, आई. त्यांना ठाऊक होतं."

त्या म्हणाल्या, "लहानपणी ताटातलं नको असेल ते सतरंजीखाली सारायचा. मुंग्या लागल्या की आम्हाला कळायचं. आम्ही हसायचो, मुली. पाहुण्यांना कौतुकाने सांगायचो." पाइपचा तुकडा त्यांनी ओट्याच्या कठड्यावर ठेवला आणि आत जाऊन हात धुतले. नळाचा आवाज खूप वेळ येत होता.

त्या दुपारी मी फक्त घाण काढली. ब्रेकची धूळ कोरडी फुंकायची नसते, छातीत जाते. म्हणून तोंडाला फडकं बांधलं, साबणाचं पाणी मारत मारत ओलीच खरवडली. तसराळ्यातलं पाणी पुनःपुन्हा काळं होत होतं आणि ते झाडांना घालायचं नाही, गटारातही सोडायचं नाही, म्हणून जुन्या डब्यात भरून ठेवत होते. हातमोजे फाटले. नखांत शिरलेला काळेपणा पोळ्या लाटताना दिसत होता. शेवटी रात्रीच्या पोळ्या नवऱ्याने केल्या, जाड आणि कच्च्या, आणि कुणीच तक्रार केली नाही.

सामान आणायला त्यालाच पाठवलं. दुकानदार म्हणाला म्हणे, "भिया, एका बाजूचं टाका, चालून जाईल." नवऱ्याने दोन्ही बाजूंचे शू, दोन्ही सिलिंडर, स्प्रिंगा आणि नवा पाइप आणला. हे त्याने स्वतःच्या मनाने केलं, मी सांगितलं नव्हतं. दोन्ही ड्रम खरादवाल्याकडून लेथवर आतून गुळगुळीत करून आणले.

जोडताना एक चूक झाली. डाव्या बाजूचे शू मी उलटे बसवले, लांब लायनरचा पुढे आणि आखूडचा मागे. उजवी बाजू जशीच्या तशी ठेवली होती, ती आरशात पाहावी तशी बघून जोडायची होती, पण माझं डोकं देवासला होतं. मनातल्या मनात मी भावजींशी भांडत होते आणि हात आपोआप चालले होते. स्प्रिंग ओढताना पक्कड निसटली, अंगठ्याची साल निघाली. तेव्हा थांबले. सगळं पुन्हा सोडलं, पुन्हा जोडलं. त्या वेळी मला माझीही जरा किळस आली. त्या माणसाला मी माझ्या हातांत का शिरू देत होते?

मग पाइपातली हवा काढायची. नवरा आत पेडलवर, मी खाली चाकाशी.

"दाबा... धरून ठेवा... सोडा."

पहिल्यांदा निघालेलं तेल उकिरड्यातल्या पाण्यासारखं होतं. बुडबुडे, काळे कण, मळका फेस. बाटली भरत गेली. नवरा वरून विचारायचा, "आलं का साफ?" मी म्हणायची, "दाबा." हळूहळू ते चहासारखं झालं, मग मधासारखं, आणि शेवटी नव्या डब्यातलं जसं असतं तसं. पेडल वरच कडक लागलं. नवऱ्याने दोनदा दाबून पाहिलं आणि खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "अगं, हे असं असतं का? मला वाटायचं सगळ्या गाड्यांचं पेडल अर्ध्यापर्यंत जातंच." त्यानेही ती गाडी चालवली होती. त्याचा चेहरा उतरला. दादाच्या विरुद्ध तो त्या दिवशी पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "त्याने आपल्याला मारलंच असतं."

आधी रिकामी गाडी मोकळ्या रस्त्यावर नेली. ब्रेक दाबला, गाडी सरळ रेषेत थांबली. मग मी एकटीच मांडूचा घाट चढून उतरून आले. घरी येऊन चाकाला हात लावला, दोन्हीकडे सारखंच कोमट.

पुढच्या महिन्यात भावजी धारला आले. आईसाठी सफरचंदं आणली होती. कपाळाकडे पाहून म्हणाले, "काही दिसत पण नाही आता." चहा झाल्यावर अंगणात गेले, पिकअपमध्ये बसले, पेडल दाबून पाहिलं आणि खूश झाले. "वा! मस्त केलेत की. एक काम करा, सणापुरती मला द्या. माझी नवी गाडी छोटी पडते, मालाची ये-जा आहे."

मी उत्तर देणार तोच सासूबाई दारातून बोलल्या. आवाज चढवला नाही. "ती गाडी इथेच राहील. आणि मी यंदा नवरात्रात देवासला येईन ती बसने येईन. तू न्यायला येऊ नकोस."

"आई, आता एवढ्याशा गोष्टीवरून..."

"एवढीशी नाही," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या गेल्याही, बसने. मला ते आवडलं नाही. जाऊ नये असं मला वाटत होतं, पण मुलगा त्यांचा होता आणि देवासच्या टेकडीवरची देवीही त्यांची होती. परत आल्या तेव्हा तिकडचं काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

हिवाळ्यात देवासला भावजींच्या मुलीचं लग्न झालं. आम्ही गेलो, न जाऊन चालणार नव्हतं. पंगतीत भावजी स्वतः जिलबीची परात घेऊन आग्रह करत फिरत होते. सगळ्यांशी गोड, सगळ्यांची नावं घेऊन, सगळ्यांच्या पाठीवर हात. माझ्या पानापाशी आले. "घे गं, लाजू नकोस, आपल्या घरचंच आहे." मी नको म्हणायच्या आत दोन जिलब्या पानात पडल्या. पाक कडेने वाहून वरणभातात शिरला. त्यांच्या नखांकडे माझं लक्ष गेलं, स्वच्छ, कापलेली, गुलाबी. शेजारच्या बाईंनी विचारलं, "खात नाही?" मी म्हटलं, दाढ दुखते. पान तसंच दुमडून उठले आणि मांडवामागे, जिथे आचारी कांद्याची सालं टाकत होते, तिथे जाऊन पंगत उठेपर्यंत उभी राहिले.