नाव तेच, सर्टिफिकेट दुसरं

मुलगी पाच महिन्यांची असताना मी कामावर परत गेले. ‘रजा संपवून गेले’ असं लिहिणार होते, पण ती रजा नव्हती. कंत्राटी माणसाला रजा नसते, त्याच्या नोकरीत खंड पडतो. आंबेगाव तालुक्यात, हायवेपासून आत माळावर एका संस्थेचं इंजिनिअरिंग कॉलेज होतं. तिथल्या कॉम्प्युटर लॅब आणि सर्व्हर मी सांभाळायचे. दर वर्षी करार, दर वर्षी नवी ऑर्डर, आणि ती येईपर्यंत दर वर्षी ऑफिसात चकरा. दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची ही गोष्ट आहे.

आम्ही राहायचो आळ्याला. सकाळी आळेफाट्यावरून वडापची जीप पकडायची, नारायणगाव मागे टाकायचं, मंचरला उतरून दुसरी जीप. बाळ सासूबाईंजवळ. सासूबाई वाटी-चमच्यानं गाईचं दूध पाजायच्या आणि मी निघाले की भांडी जरा जोरात आपटायच्या. त्यांचंही बरोबरच होतं. या वयात पुन्हा लंगोट धुवायची हौस कोणाला असते?

मी नसताना माझं काम नारायणगावच्या एका गृहस्थांनी पाहिलं होतं. त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि आमच्या विभागप्रमुखांशी त्यांची जुनी ओळख होती. दिवाळीच्या सुट्टीच्या आधी लोडशेडिंगमध्ये वीज सारखी जाऊन-येऊन सर्व्हरची डिस्क गेली. त्यांनी नवी डिस्क टाकून सगळं पुन्हा उभं केलं होतं. मी सुट्टी संपल्यावर हजर झाले आणि त्याच सकाळी मुलांनी लॅबमध्ये नाव-पासवर्ड टाकले. एकाही मशीननं कोणाला आत घेतलं नाही.

आमची व्यवस्था अशी होती, की मुलानं कुठल्याही मशीनवर बसावं, त्याचं एकच नाव आणि एकच पासवर्ड सगळीकडे चालावा. ही ओळख लिनक्सच्या त्या एका सर्व्हरवर ठेवलेली. मशीन पासवर्ड तिकडे पाठवायच्या आधी सर्व्हरला विचारतं, तू खरा कोण ते दाखव. सर्व्हर आपलं सर्टिफिकेट दाखवतो. ते सर्टिफिकेट ज्यानं दिलं, त्याला मशीन आधीपासून ओळखत असलं पाहिजे. बाहेरचं कोणी दिलेलं नसलं, तर कॉलेजातच एक मूळ सर्टिफिकेट बनवतात, त्याची प्रत प्रत्येक मशीनवर ठेवतात आणि त्याच्या सहीनं सर्व्हरचं सर्टिफिकेट काढतात. गावात नवखा माणूस आला की ‘पावणं, कुणाकडं?’ विचारतात आणि ओळखीच्या घराचं नाव सांगितलं की चहा मिळतो, तसलाच हा प्रकार. आमची मशिनं आता म्हणत होती, ज्यानं हे सर्टिफिकेट दिलं त्याच्यावर आमचा विश्वास नाही.

विभागप्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता. आवाज कधी चढवायचे नाहीत, दर चतुर्थीला ओझरला जायचे, प्रसाद आणून सगळ्यांना वाटायचे.

“माझ्या मशीनवर तर चालतंय की,” ते म्हणाले. “ऑफिसातही चालतंय. तुम्ही येईपर्यंत काही तक्रार नव्हती.”

तुम्ही येईपर्यंत लॅबला कुलूप होतं, सर, असं मी म्हणाले नाही. मनात म्हणाले.

“सोमवारी प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक येणार,” ते पुढे म्हणाले. “तोवर लॅब चालू पाहिजे. तुमचा करारही या महिन्याअखेर संपतोय. बाळ लहान आहे, ओढाताण होते, मला कळतं. नसेल जमत तर ते नारायणगावचे तयार आहेत. तुम्हीही घरी निवांत राहाल.”

माझी नोकरी त्या सोमवारवर टांगलेली होती हे त्यांनी इतक्या मायेनं सांगितलं, की मी चक्क ‘थँक्यू सर’ म्हणून बाहेर आले. नंतर स्वतःचाच राग आला. ही नोकरी मला हवी होती. पैशासाठी तर हवीच होती, पण त्याहून जास्त यासाठी, की आळ्यात मी अमक्याची सून आणि तमकीची आई होते आणि त्या कॉलेजात कोणाची तरी मॅडम होते. मशीन बंद पडलं की माझ्याच नावानं हाक यायची. हे सुख ज्याला रोज मिळतं त्याला त्याची किंमत कळत नाही.

पहिला संशय घड्याळावर गेला. लोडशेडिंगमुळे आमच्या जुन्या मशीनच्या आतल्या बॅटऱ्या संपलेल्या असायच्या. वीज गेली की मशीन तारीख विसरायचं आणि थेट काही वर्षं मागे जायचं. मग नवं सर्टिफिकेट त्याला अजून जन्मलेलंच नाही असं वाटायचं. निम्मी मशिनं खरंच मागे होती. मी एकेक मशीन लावून तारीख नीट करत गेले. दुपारी वीज गेली, संध्याकाळी आली, अर्धी मशिनं पुन्हा मागे. पुन्हा केलं. ज्यांची तारीख बरोबर झाली त्यांनीही तेच सांगितलं, विश्वास नाही. एक अख्खा दिवस पाण्यात.

त्यात छाती दुधानं दुखायची. सर्व्हरच्या खोलीला आतून कडी होती, तेवढी एकच जागा. एसीची गार हवा पाठीवर घेत मी वाटीत दूध काढायचे आणि बाहेरच्या बेसिनमध्ये ओतून द्यायचे. बाळासाठीचं दूध बेसिनमध्ये जाताना बघून रडू यायचं, मग तोंड धुऊन लॅबमध्ये. मुलं विचारायची, मॅडम, झालं का? मी म्हणायचे, होतंय. हे ‘होतंय’ मी त्या आठवड्यात किती वेळा म्हणाले असेन देव जाणे.

दुसऱ्या दिवशी मला कळलं की विभागप्रमुखांच्या मशीनवर कसं चालत होतं. त्यांच्या आणि ऑफिसच्या मशीनवर तपासणीच बंद केली होती. सेटिंगच्या फाइलमधली एक ओळ. सर्व्हर म्हणून समोर कोणीही उभा राहो, काही विचारू नकोस, पासवर्ड देऊन टाक. मी त्यांना सांगितलं. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

“मग तीच ओळ सगळीकडे टाका की. दहा मिनिटांचं काम. उगीच कशाला घोळ?”

आदल्या वर्षी एका हुशार विद्यार्थ्यानं लॅबमध्ये आपला लॅपटॉप लावून स्वतःच सर्व्हर असल्याचं सोंग केलं होतं आणि दोन शिक्षकांचे पासवर्ड गोळा केले होते. ती तपासणी मी त्यानंतर बसवली होती, यांच्याच सांगण्यावरून. त्याची आठवण करून दिली. ते म्हणाले, “तो पोरगा पास होऊन गेला आता.”

खोटं कशाला बोलू, मोह झाला. दहा मिनिटांत लॅब चालू, पाचच्या जीपनं घरी, बाळ जागं असताना त्याच्याजवळ. पण तपासणी काढून टाकायची तर मला ठेवायचं कशाला? ती ओळ टाकायला नारायणगावचे गृहस्थ पुरेसे होते, आणि त्यांनी ती टाकलीच होती. पुढेमागे पासवर्ड पळाले असते तर मात्र नाव माझंच निघालं असतं. मी म्हणाले, “सोमवारपर्यंत वेळ आहे ना सर, बघते.” त्यांनी फाइल पुढे ओढली.

मग मी मशीनवरचं मूळ सर्टिफिकेट उघडलं आणि त्याच्या शेजारी सर्व्हरचं. सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर लिहिलं होतं, मला अमुक मूळ सर्टिफिकेटानं दिलं. मशीनवरच्या मुळाचं नावही अमुकच. कॉलेज, विभाग, गाव, जिल्हा, राज्य, सगळं अक्षर न् अक्षर तेच. मी बोट ठेवून ठेवून वाचलं. तेच होतं. तरी मशीन म्हणत होतं, मी याला ओळखत नाही. थकलेल्या माणसाला वेड लावायला एवढं पुरतं. घरी आले तर बाळ झोपलेलं. सासूबाई म्हणाल्या, “आत्ता डोळा लागलाय, उठवू नको.” मी लेकीच्या अंगाचा नुसता वास घेतला आणि भात खाल्ला.

शनिवारी सकाळी मी सहीच तपासायची आज्ञा चालवली. नावाचा विचार सोडून द्यायचा आणि या मुळानं खरंच ही सही केली का, तेवढं बघायचं. उत्तर आलं, सही जुळत नाही. मग दोन्ही मुळांचे ठसे काढले. सर्टिफिकेटला ठसा असतो, अंगठ्यासारखाच. मशीनवरच्या मुळाचा ठसा एक आणि सर्व्हरवरच्या मुळाचा पार निराळा. नाव एक, माणसं दोन.

मी नारायणगावला फोन लावला. त्यांच्या आवाजात जराही चोरटेपणा नव्हता.

“मॅडम, जुनं मूळ डिस्कसंगं गेलं ना. मंग मी नवं बनवलं. पन समदं तसंच्या तसं केलं. नावसुदिक तेच ठेवलं, तुमाला तरास नको म्हनून.”

“पण नाव तेच ठेवल्यानं ते मूळ तेच होत नाही हो.”

“का न्हाई? आमच्याकडं गाड्याचा बैल गेला की नव्याला बी तेच नाव देत्यात. आमच्या गोठ्यात तीन पिढ्या एकच नाव चालू हाये.”

मला हसू आलं. या आमच्या भागात बैलगाडा शर्यतीच्या बैलाचं नाव खरंच असं चालवतात, नाव घरातच राहावं म्हणून. “भाऊ,” मी म्हणाले, “तुम्ही हाक त्याच नावानं मारता. पण दारातलं कुत्रं नव्या बैलावर भुंकतंच की नाही?”

मग ते मोठ्यानं हसले. “भुंकतं तर! लई भुंकतं. चार दिस लागत्यात त्याला. आत्ता समजलं बगा.” आणि हसणं थांबल्यावर म्हणाले, “म्या सरांना सांगू का, माझी चूक झाली म्हनून?” मी म्हणाले, नको. तेवढा मोठेपणा मला तेव्हा परवडत होता, कारण मला उत्तर सापडलं होतं. त्यांनी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं पुढे वाटलं.

पुढचं काम नुसतं ढोरमेहनतीचं. सर्व्हरवरून नव्या मुळाची प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि प्रत्येक मशीनपाशी जाऊन जुनी काढली, नवी ठेवली, मशीन सुरू होताना तारीख सर्व्हरकडून घेईल अशी सोय केली, ठसा ताडून बघितला, लॉगिन करून बघितलं. एकदम सगळीकडे पाठवता आली असती, पण वीज सगळीकडे एकदम कुठे असायची? वीज गेली की खुर्चीवर टेकायचं, आली की उठायचं. शेवटी विभागप्रमुखांच्या आणि ऑफिसच्या मशीनवरची ती ओळही काढून तपासणी पुन्हा चालू केली. कंबर मोडून आली. आनंद वगैरे झाला नाही. काम संपलं एवढंच वाटलं.

सोमवारी परीक्षक आले, मुलं बसली, सगळी आत गेली. मी लॅबच्या दाराशी उभी होते. विभागप्रमुख परीक्षकांना सांगत होते, “आमची पूर्ण सिस्टीम सुरक्षित आहे. मध्यंतरी नवीन उभी करून घेतली. मॅडम नुकत्याच परत आल्यात, त्यांना जरा समजून घ्यायला वेळ लागला.” परीक्षकांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मीही हलवली.

चहाच्या वेळी विभागप्रमुखांनी मला व्हरांड्यात गाठलं. हातात कप होता.

“चांगलं झालं,” ते म्हणाले. “तुमची ऑर्डर काढायला सांगतो. वर्षाची.”

मी म्हणाले, “थँक्यू सर.”

“एक विचारू का? राग मानू नका.” त्यांनी आवाज खाली आणला. “पुन्हा असा खंड नाही ना पडायचा? म्हणजे तसा काही विचार? मला वर उत्तर द्यावं लागतं हो.”

“नाही सर,” मी म्हणाले. त्यांचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

ते बरं म्हणाले आणि चहा संपवून कप ठेवायला गेले.

त्या कॉलेजात मी पुढे बरीच वर्षं काढली, दर वर्षीच्या ऑर्डरवर. माझी मुलगी एकुलती एक. सासूबाई असेपर्यंत म्हणत राहिल्या, एकाला एक असावं. नवरा दोन-तीनदा म्हणाला, आता बघूया का. मी कधी पगार पुढे केला, कधी जीपचा प्रवास, कधी माझी पाठ. ती सगळी कारणं खरी होती, म्हणून कोणाला शंका आली नाही. मुलीनं विचारलं तेव्हा मी ‘राहून गेलं’ म्हणाले. नवऱ्याला मी व्हरांड्यातलं ते बोलणं कधी नीट सांगितलं नाही, आणि स्वतःला दुसरं मूल हवं आहे का हेही कधी शांतपणे विचारलं नाही. सरांना मात्र त्यांचा चहा गार व्हायच्या आत उत्तर देऊन टाकलं होतं.