दुसऱ्यानं आणलेलं पाणी

मी देवीकडे कधी काही मागितलं नव्हतं. मागून मिळतं यावर माझा भरवसा नव्हता आणि न मागता मिळालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. लग्न होऊन या डोंगराच्या पायथ्याला आले तेव्हापासून माथ्यावरचं देऊळ रोज डोळ्यांसमोर होतं, पण वर जायचं ते नवरात्रात, तेही सगळ्या बायका जातात म्हणून. चहाचं हॉटेल, दोन म्हशी आणि सासूचा दमा एवढ्यात माझा दिवस संपायचा. वेळ उरला तर हात जोडायचे. नाही उरला तर देवीलाही कामाची माणसं कळत असतील असं समजून झोपायचं. त्यामुळे मला अनुभव आला असं मी सांगते तेव्हा ओळखीच्या बायका हसतात. हसू देत. जे झालं ते झालं तसं सांगते. त्यात देवीचा हात किती आणि योगायोग किती, हे मला ठरवता आलेलं नाही, आणि आता ठरवायचंही नाही.

आमचं गाव जिंतूर तालुक्यातल्या डोंगरात, एसटी जिथून वळून परत फिरते ते शेवटचं. वर माथ्यावर पाण्याचा थेंब नाही. म्हणून देवळाच्या दारात दगडांच्या कड्यात बसवलेला एक मोठा मातीचा रांजण. वर जाणाऱ्यानं खालच्या विहिरीचं पाणी न्यायचं, तांब्याभर का होईना, आणि रांजणात ओतायचं. आपण नेलेलं आपण प्यायचं नाही. प्यायचं ते आधी कुणीतरी आणून ठेवलेलं. कुणी भरलं, कुणी प्यायलं, हे विचारायचं नाही. खाली गावात विहिरी वेगवेगळ्या होत्या. वर रांजण एकच होता. हा रिवाज कुठं लिहून ठेवलेला नव्हता. जे शेंबड्या पोरालाही ठाऊक, ते लिहायचं कशाला?

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. चारठाण्याची जुनी देवळं बघायला येणारी शहरातली माणसं त्या सुमाराला आमच्याकडेही वळायला लागली. आमच्या देवळाच्या दगडी चौकटीवर नक्षी आहे. आम्ही तिच्यावर पिढ्यानपिढ्या शेंदूर थापत आलो होतो. तिचं कौतुक करायला कुणी लांबून येईल हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं. जीपमधून यायचे, गळ्यात कॅमेरे, डोळ्यांवर गॉगल. माझ्याकडे चहा प्यायचे, गोड बोलायचे आणि रिकाम्या हातांनी डोंगर चढायचे. वर पोचले की रांजणातलं पाणी प्यायचे, तोंड धुवायचे, पायांवर ओतून घ्यायचे. दुष्काळात दिवसभर खडी फोडून संध्याकाळी घागरभर पाण्यासाठी भांडलेल्या बायका आम्ही. ते पाणी पायांवर ओतलेलं बघवायचं नाही. पण पाहुण्याला पाणी भर असं सांगायचं कसं? आमच्याकडे पाहुण्याच्या हातात तांब्या द्यायचा तो पिण्यासाठी. म्हणून त्यांच्या तोंडावर कुणी काही बोलत नसे; जीप गेली की मात्र गावभर तोंडसुख. त्यांना वाटायचं ही माणसं किती साधी, आम्हाला वाटायचं ही माणसं किती माजलेली. मधे एक रांजण रिकामा होत होता.

बोलायच्या त्या एकट्या आमच्या आत्याबाई. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. निजामाच्या राज्यात वाढलेल्या, त्यामुळे दखनी हिंदी त्यांना मराठीइतकीच यायची आणि दोन्हींत त्या सारख्याच तिखट. हॉटेलाच्या ओट्यावर बसून त्या येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घ्यायच्या. एकदा जीपभर माणसं आली. त्यांत माझ्याच वयाची एक बाई होती, सुती साडी, पायात कापडी बूट. मराठी येत नव्हतं तिला. ती डोंगराकडे निघाली तसं आत्याबाईंनी हटकलंच.

“अगे ए बाई, खाली हाथ कहाँ चली? पानी लेके जा, पानी!”

ती थबकली. “किसके लिए, अम्मा?”

“जो पीछे से आयेगा उसके वास्ते.”

“और मैं क्या पिऊँगी?”

“तेरे को कोई दूसरा लाके रक्खा ना. वो पी.”

जीपमधले बाकीचे हसले. त्यांनी तिला हाक मारली आणि ती तशीच रिकाम्या हातानं त्यांच्यामागून गेली. मी शरमेनं अर्धी झाले. म्हटलं, “आत्याबाई, पाहुण्या बाईला असं बोलत असतेत का?”

त्या सुपारी कातरत म्हणाल्या, “पाहुनी हाय म्हनूनच सांगायलेय. परक्याला कोन सांगतंय?”

तेव्हा मला ते बोलणं म्हातारपणाचं वाटलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात गावाचा संयम सुटला. एका टोळक्यानं रांजणात हात बुचकळून गॉगल धुतले म्हणे. माझे धाकटे दीर तरातरा वर गेले आणि रांजण पालथा घालून आले. चावडीपुढं सगळ्यांनी त्यांची पाठ थोपटली. बायकांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मीही बरं केलं असंच म्हटलं असतं. मार्ग सोपा होता. कुणाला काही बोलावं लागणार नव्हतं.

आत्याबाईंना हे कळलं तेव्हा त्या जेवत होत्या. ताट तसंच सरकवून त्यांनी दिरांना समोर बोलावलं. “पालथं भांडं? देवीच्या दारात? कोन मेलंय रं आपल्यात?” दिरांनी पाहुण्यांचा पाढा वाचला. त्या म्हणाल्या, “त्यास्नी तोंडानं सांगायला लाज वाटती, आन् देवीपुढं मडकं उपडं घालाया न्हाई वाटली व्हय?” दीर उठून गेले. रांजण काही सरळ करेनात. गावापुढं माघार कोण घेणार? दोन दिवस आत्याबाईंनी वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो आत्याबाई हातात तांब्या घेऊन डोंगराच्या वाटेला लागलेल्या. दमेकरी बाई, वैशाखाचं ऊन. माझे मालक परभणीला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, दीर रानात गेलेले, घरात दुसरं कुणी नाही. मी हॉटेलाची फळी लावली, पितळी घागर भरून डोक्यावर घेतली आणि मागे धावले. मला रांजणाचं काही पडलेलं नव्हतं. माझी म्हातारी जिवंत खाली आली पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

अर्धी वाट चढेपर्यंत त्या चार ठिकाणी बसल्या. निसरड्या कातळावर त्यांचा पाय गेला. मी दोन्ही हातांनी त्यांना धरलं आणि डोक्यावरची घागर सुटली. दगडांवर वाजत वाजत खाली गेली, तिचा आवाज मला अजून आठवतो. उरला तो त्यांचा तांब्या. मी म्हटलं, परत फिरू. त्या म्हणाल्या, “तू फीर. मी एकलीच जाती.” त्यांना एकलीला सोडणं शक्य नव्हतं, आणि उचलून खाली नेण्याइतकं बळ माझ्यात नव्हतं. चढत राहिलो.

वर रांजण पालथा पडलेला. दोघींनी एक वाळकी फांदी खाली घालून तो कसाबसा सरळ केला. आत्याबाईंनी तांब्या उचलला. मी हात धरला, “आधी घोटभर घ्या.” त्यांनी मान हलवली. “आपलं आनलेलं आपुन प्यायचं न्हाई.” आणि सगळा तांब्या आत ओतला. उन्हात भाजून निघालेली ती माती. ओतलेलं पाणी बघता बघता तिनं शोषून घेतलं. मी वाकून पाहिलं तर तळाला नुसता ओला डाग. आत्याबाईंनीही पाहिलं. मग त्या देवळाच्या पायरीवर बसल्या, आणि बसता बसता आडव्याच झाल्या.

त्यांचं डोकं मी मांडीवर घेतलं. छाती भात्यासारखी चाललेली, ओठांवर पांढरी पापडी. मी पदर रांजणाच्या तळाला फिरवून त्यांच्या ओठांना लावला; पदर जेमतेम गार लागला, एवढंच. खाली धावून पाणी आणावं तर परत येईपर्यंत त्या राहतील याचा भरवसा नव्हता. हाका मारल्या; वाऱ्यानं नेल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला करण्यासारखं काही उरलं नाही. मी कामाची बाई. काही ना काही सुचतंच मला. तेव्हा सुचलं नाही. गाभाऱ्याकडे तोंड केलं, पण मागायची सवय नाही, शब्द येईनात. शेवटी जे तोंडातून आलं ते असं: “मला जमंना गेलंय. आता तुझी लेक तू बघ.” नवस नाही, काही नाही. हात सोडून दिले.

थोड्या वेळानं वाटेवर पावलं वाजली. वर आली ती कापडी बूटवाली बाई. या खेपेला एकटी. साडीचा पदर खोचलेला, तोंड लालबुंद, आणि हातात झाकणाची ॲल्युमिनियमची दुधाची किटली, शहरात डेअरीवर नेतात तशी. आम्ही पायरीच्या सावलीत; तिनं आम्हाला पाहिलंच नाही. सरळ रांजणाशी गेली आणि झाकण काढून ओतायला वाकली. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, “ओतू नका! ओतू नका!”

ती दचकून मागे सरली. पाहिलं तर एक बाई हात झटकत ओरडतेय. तिला काय वाटलं असेल ते मला नंतर कळलं. परक्या बाईनं देवीच्या रांजणाला शिवू नये म्हणून मी ओरडतेय, असं वाटलं तिला. आणि का वाटू नये? एका आत्याबाईंखेरीज आमच्यापैकी कुणी तिला दुसरं काही सांगितलं होतं? “माफ कीजिए,” ती म्हणाली, झाकण लावलं आणि वळली. पाणी माझ्या डोळ्यांदेखत खाली चाललं होतं. मला हिंदीचा एक शब्द आठवेना, आणि मांडीवरचं डोकं दगडावर ठेवून उठवेना.

तेवढ्यात मांडीवरून घोगरा आवाज आला. “अगे, पानी लाई क्या? ला इधर.”

ती धावत आली. गुडघ्यांवर बसून तिनं किटलीच्या झाकणातून आत्याबाईंना घोट घोट पाणी पाजलं, कपाळावर थापलं. छातीचा भाता हळूहळू संथ झाला. आत्याबाईंनी डोळे नीट उघडले आणि पहिलं काय म्हणाल्या तर, “बाकी का डाल दे उसमें.” रांजणात. ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायलाच लागली. तिनं सांगितलं, मागच्या वेळी मी इथलं पाणी प्यायले, ठेवलं काहीच नाही. अम्मांचं बोलणं मनातून जाईना. म्हणून किटली घेऊन एसटीनं एकटीच आले, खाली विहिरीवरच्या बायकांनी भरून दिली. त्याच दिवशी का, त्याच वेळेला का, हे मी विचारलं नाही.

दोघींनी आत्याबाईंना धरून खाली आणलं. मी त्यांना आत नेऊन निजवलं, डॉक्टरला निरोप धाडला, शेक दिला. माझं सगळं लक्ष तिकडे. बाहेर गावानं काय केलं ते नंतर कळलं. गावानं तिचा मान राखला. दिरांनी शाळेतली हातांची खुर्ची आणून ओट्यासमोर लिंबाखाली ठेवली, तिला बसवलं, काचेच्या ग्लासात चहा दिला आणि सगळे अदबीनं लांब उभे राहिले. शहरची बाई, आपल्या घोंगडीवर कशी बसेल? आपली भाकरी तिला कशी चालेल? कुणी जवळ गेलं नाही, कुणी नाव विचारलं नाही, आत चल म्हटलं नाही. एसटी येईपर्यंत ती त्या खुर्चीत एकटी बसून होती. एसटी आली, तिनं सगळ्यांना नमस्कार केला आणि गेली.

आत्याबाईंना जाग आली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, “ती कुठं हाय? आत बोलव की तिला. भाकर कर.” मी बाहेर आले. लिंबाखाली रिकामी खुर्ची होती.

ती पुन्हा आली नाही. आत्याबाई पुढं कितीतरी दिवस एसटीचा आवाज आला की ओट्यावरून मान उंच करायच्या. त्या गेल्या त्या सालीही त्यांनी मला विचारलं होतं, “आली व्हती का गं ती पानीवाली?” त्यांचा जीव वाचला हे देवीचं देणं मी मानते. पण ज्या हातांनी ते आलं, त्या हातांना आम्ही खुर्चीत बसवून ठेवलं. मान दिला, जागा दिली नाही. अदब म्हणून जे आम्ही करत आलो, त्यानंच ती परकी राहिली. आत्याबाईंचं तिखट बोलणं हाच त्या गावात तिला मिळालेला एकमेव घरचा शब्द होता.

रांजण सरळ आहे. दिरांनी त्याला पुन्हा हात लावला नाही. तिची किटली वरच राहिली होती. ती मी खाली आणून हॉटेलाच्या खुंटीला अडकवली आहे. आता ओट्यावर मी बसते. जीप आली की विचारते, “रिकाम्या हातानं कुठं निघालात?” कुणी हसतं, कुणी चिडतं, बहुतेक जण किटली घेऊन विहिरीवर जातात. परतताना दुपार झाली असली तर त्यांना आत बोलावते, घोंगडी टाकते. जे असेल ते खातात. कापडी बूट दिसले की अजूनही माझी नजर वर तोंडाकडे जाते. ती नसते.

देवीकडे मी अजूनही काही मागत नाही. पण आता नवरात्राची वाट बघत नाही. जमेल तेव्हा वर जाते. नेलेलं पाणी ओतते आणि रांजणातलं ओंजळभर पिते. ते कुणी आणलं हे कळत नाही. न विचारता पिते, आणि मग हात जोडते.