तू हो पुढं, आमी येतो मागनं

जतच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागली तशी माणसं दारावर तुटून पडली. माझ्या वडिलांच्या, म्हणजे आण्णांच्या, खांद्यावर टॉवेल नव्हता की खिशात रुमाल नव्हता. त्यांनी सरळ डोक्याचा लाल पटका सोडला, त्याचा बोळा केला आणि खिडकीतून सीटवर फेकला. झाली जागा! मी आत जाऊन पटका मांडीवर घेऊन बसले. आई खिडकीखाली उभी राहून शेंगदाण्याची चटणी कुठल्या पिशवीत आहे ते पुन्हा पुन्हा सांगत होती. शेजारी उभ्या असलेल्या बाईनं तिला विचारलं, "लेक लांब चाललीया व्हय?" आमच्याकडं निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून कुणी विचारत नाही, कामाला खोट येते. आई म्हणाली, "लांबच म्हणायचं की." गाडी हलली तेव्हा आण्णा पुढं आले आणि एवढंच बोलले, "तू हो पुढं. आमी येतो मागनं."

पटका द्यायचा राहिलाच. गाडी वळणावर गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. आण्णा बोडक्या डोक्यानं गावात परतले, आणि बोडक्या डोक्याचा बाप्या दिसला की आमच्या गावाला एकच शंका येते. देवळापाशी बसलेल्यांनी विचारलंच, "कोण गेलं रं?" आण्णा म्हणाले, "थोरली गेली, सांगलीला." हे त्यांनी मला फोनवर सांगितलं आणि स्वतःच हसले. मीही हसले. फोन ठेवला आणि हॉस्टेलच्या जिन्यात बसून पोटभर रडले.

माझ्यासारखे कितीतरी जण गाव सोडून पुण्याला, हैदराबादला, कुणी आखातात जाऊन बसलेत. तुम्हाला हे सांगायला नको. पण जे मागं राहिलेत त्यांना मात्र सांगायचं आहे, कारण आम्ही फोनवर त्यांना जे सांगतो त्यातलं निम्मं खोटं असतं.

आमचं घर मेंढरांचं. पावसाळ्यात जतचं माळरान, दिवाळी झाली की घोडीवर बिऱ्हाड लादून पश्चिमेला उसाच्या मुलखात. तिकडं दरसाल नव्या गावाला, कधी आष्ट्याच्या बाजूलाही, ऊस गेलेल्या रानात शेतकरी आमची मेंढरं बसवून घेतात, रानाला खत होतं. उन्हाळा सरला की परत माघारी. त्यामुळं घर सोडायचं मला काय कौतुक, असं मला वाटायचं. कळपासंगं घर सोडणं वेगळं आणि एकटीनं सोडणं वेगळं, हे सांगलीच्या विश्रामबागेत आल्यावर कळलं.

आले होते ते लॅब टेक्निशियनचा कोर्स करायला. आई आजारी होती तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात पांढरा कोट घातलेली एक बाई काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकातून बघत होती. मी दारात उभी राहून तिच्याकडं बघत राहिले. हे आपण करायचं, असं तिथंच ठरलं. कोर्स करायचा, नोकरी धरायची, दोन खोल्या घ्यायच्या, धाकट्या मंगलला कॉलेजला आणायचं आणि मग आईआण्णांना. आण्णा म्हणालेच होते ना, मागनं येतो म्हणून.

कॉलेजात पहिल्याच महिन्यात कुणी एक सर बोलवले होते. कॉलरला माइक लावून ते स्टेजवर येरझाऱ्या घालत म्हणाले, रोज सकाळी आरशात बघून मोठ्यानं म्हणा, मी आनंदी आहे, मी हे करू शकते. घरच्यांना रडगाणी सांगू नका, चांगलं तेच बोला. पोरी फिदीफिदी हसल्या. मी मात्र खरं मानलं. आमच्या खोलीत आरसा तळहाताएवढा, त्यात एका वेळी एक डोळा आणि अर्धं नाक दिसायचं, पण मी म्हणायचे. आणि खोटं कशाला बोलू, फायदा झाला. पहिल्यांदा सुई हातात धरली तेव्हा दोनदा चुकीच्या जागी टोचलं. तेव्हा हेच मनाशी म्हटलं आणि शीर सापडली. एका विषयात नापास झाले तेव्हाही हेच म्हणून पुन्हा बसले. कोर्स झाला, विश्रामबागेतच एका लॅबमध्ये नोकरी लागली. आज म्हाताऱ्या माणसांच्या दिसेनाशा शिरा शोधायच्या असल्या की मॅडम मलाच हाक मारतात. दोन खोल्यासुद्धा झाल्या. नळाला पाणी, बाल्कनीत तुळस, आतल्या खोलीत पंखा. आण्णांचा पटका धुऊन, घडी घालून आतल्या खोलीतल्या खुंटीवर अडकवला.

आलं मात्र कुणीच नाही.

फोन केला की मी म्हणायचे, "मजेत हाय!" दिवाळीला सुट्टी मिळाली नाही, तरी मजेत. तापानं फणफणले, शेजारणीनं दाराबाहेर पेज ठेवली, तरी मजेत. सकाळी सॅम्पल, रिपोर्ट, पेशंटची रांग, ह्यात दिवस जायचा. संध्याकाळी कुलूप उघडलं की घर असं अंगावर यायचं! मग मी ओट्यापाशी उभ्यानंच जेवायची. एकटीसाठी ताट कशाला घ्या? रविवारी फार झालं तर सांगलीच्या स्टँडवर जायची. कुठं जायचं नसायचं. जतची गाडी लागते तिथं बाकावर बसायची, गाडीतनं माणसं उतरायची, "आरं पिशवी घे की रं", "लय उशीर केला गाडीनं", ते ऐकायची, आणि परत यायची. लॅबमध्ये आमच्या बाजूचं कुणी आलं तर दंडाला पट्टी बांधताना मुद्दाम वेळ काढायची. पाऊस झाला का, टँकर येतोय का, ज्वारी कशी हाय? एकदा एक आजी वैतागून म्हणाल्या, "रगत काढ की बया, हात बधिर झाला!"

यंदा मंगल बारावी झाली. निकाल लागला तेव्हा ती आईआण्णांसंगं आष्ट्याकडंच होती. मी कॉलेजांची सगळी चौकशी केली, तिच्यासाठी चादर आणली, टेबल आणलं आणि सुट्टी काढून गेले. तिथं गेल्यावर कळलं की मेंढरं आष्ट्याला येऊन दोन महिने झालेत. माझ्या खोलीपासून तासाभराच्या वाटेवर दोन महिने, आणि मला कुणी कळवलं नाही! माझं डोकंच फिरलं.

"तू कामात असतीस," आई म्हणाली. "मजेत हायस म्हनलं, उगं कशाला वडायचं हिकडं?"

मी ते गिळलं आणि मंगलकडं वळले. म्हटलं, चल, फॉर्म भरायचाय. ती कोकरांना पाला टाकत होती. मान वर न करता म्हणाली, "मी न्हाई येत."

"का गं?"

"अक्का, तू खंबीर हायस. तुला कुनाची आटवन येत न्हाई, तुला समदं जमतं. मला न्हाई जमायचं. मी चार दिसांत पळून येईन, आन् मग समदी म्हनतील, बघा, थोरली कशी ऱ्हायली."

मग मात्र माझा बांध फुटला. "कोन म्हनलं गं तुला, आटवन येत न्हाई?" सांगलीची शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली. उभ्यानं जेवण, स्टँडवरचं बाक, तापातली पेज, जिन्यातलं रडणं, सगळं बोलले. शेतमालकाचा गडी बांधावर थांबून बघत होता, बघू दे म्हटलं. "रोज करमत न्हाई मला! रोज! दोन खोल्या घिऊन बसलीया, कुनासाटी? एक तरी आलं का तुमच्यातलं?" आई तोंडाला पदर लावून बसली. मंगल हातातला पाला तसाच धरून माझ्याकडं बघत राहिली.

आण्णा बाजूला लोकर कातत बसले होते. त्यांचा हात थांबला नाही. म्हणाले, "आता आवाज आला."

"म्हंजे?"

"येरळेचं कोकरू इसरलीस व्हय?"

विसरले नव्हते, पण त्या बाजूनं कधी बघितलं नव्हतं. मी लहान होते तेव्हाची गोष्ट. उसाच्या मुलखाकडं जाताना वाटेत येरळा नदी लागते. गुडघाभर पाणी असलं तरी मेंढरं पाण्याला भितात, काठावर गठ्ठा करून उभी राहतात, मारलं तरी हलत नाहीत. मग आण्णा एक कोकरू खांद्यावर घेतात आणि एकट्यालाच पल्याड नेऊन सोडतात. ते तिथं ओरडायला लागतं. त्याचं ओरडणं ऐकून आधी त्याची आई पाण्यात उतरते, मग तिच्यामागं सगळा कळप. त्या वर्षी कोकरासंगं मला पल्याड उभं केलं होतं. त्या जिवाचं रडणं मला बघवेना. मी त्याला पोटाशी धरलं, कुरवाळलं, परकराच्या ओच्यातले शेंगदाणे चारले. ते गप झालं. आणि अल्याड मेंढरं तशीच उभी. एकसुद्धा पाय टाकेना. आण्णा कमरेवर हात ठेवून तिकडनं बोंबलत होते, "आगं, गप करू नगंस त्येला! वरडू दे!"

"आवं आण्णा," मी म्हटलं, "मग हे मला आधी सांगायचं न्हाई का? इतकी वर्षं?"

"तू मजेत म्हनत हुतीस," आण्णा म्हणाले. "आमाला वाटलं, हिला कळपाची गरज न्हाई आता. आमीबी हिकडं मजेतच म्हनत हुतो की. तुजी आई रोज रडतीया."

मला हसू का रडू कळेना. म्हणजे दोन्ही काठांवर आम्ही एकमेकांना शेंगदाणे चारत बसलो होतो. त्या सरांच्या आरशाला मी नावं ठेवत नाही, अजूनही सकाळी म्हणते. त्यानं मला नदी पार करून दिली. पण ते बोलणं माझं माझ्याशी होतं, ते मी घरच्यांशी बोलत बसले.

मंगल कॉलेज सुरू व्हायच्या आधीच आली. आली म्हणजे काय, पहिल्या आठवड्यात नुसता रडण्याचा पूर. फोनवर आईला म्हणायची, "आई, हितं कुनी वळखीचं न्हाई, भाजीलाबी चव न्हाई." भाजी मी केलेली, बरं का! एकदा माझा हात फोनकडं गेला, घेऊन सांगावं की आई, काळजी करू नको, मजेत आहे ती. हात मागं घेतला. गॅस बारीक केला आणि तिला रडू दिलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी लॅबच्या दारात आई उभी. काखेत गाठोडं, हातात ज्वारीचं पीठ. रिसेप्शनवरच्या पोरीला म्हणत होती, "माज्या पोरी हितं हायत." मी ग्लोव्हज तसेच ठेवून बाहेर धावले. म्हटलं, आण्णा? तर म्हणाली, "त्ये कशाला येत्यात मेंढरं सोडून? पटका तेवडा दे म्हनलेत, जाताना नेते."

"नगं," मी म्हटलं. "त्यांनी येऊन न्यावा."

आई आता महिना पंधरा दिवस राहते, परत जाते, पुन्हा येते. आम्ही तिघी खाली बसून ताट घेऊन जेवतो. मला कुणी विचारलं, तुमचं घर कुठलं, तर मी जतच सांगते. पण आतल्या खोलीत पंखा चालू राहिला की बंद कर म्हणून ओरडणारं माणूस आहे, म्हणून ह्या दोन खोल्यांनाही आता मी घरच म्हणते. अर्धं इथं, अर्धं तिकडं माळावर. आणि त्या अर्ध्याची हुरहुर काही जात नाही.

नदीची शेवटची गोष्ट सांगायची राहिली. कळप पार होत असताना आण्णा कधी मधे पाण्यात उतरत नाहीत. शेवटचं मेंढरू, लंगडं, म्हातारं, मागं रेंगाळणारं, ते पाण्यात जाईपर्यंत ते अल्याडच्या काठावर उभे असतात. सगळ्यांत शेवटी येतात.

म्हणून मी रोज संध्याकाळी त्यांना फोन लावते. ते विचारतात, "बरं हाय का?" मी म्हणते, "न्हाई आण्णा. तुमच्याबिगर करमत न्हाई." पलीकडं मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत असतात, वारा असतो. मग आण्णा म्हणतात, "व्हय. येतंय ऐकू. तू वरडत ऱ्हा."