वाचल्याशिवाय सही नाही

फोन आला तेव्हा स्टॅनचा पाय माझ्या हातात होता. स्टॅन हा निवृत्त ट्रक ड्रायव्हर, मधुमेहाचा जुना रुग्ण. डाव्या तळव्याची त्याची जखम कित्येक आठवडे चिघळत राहिली होती आणि आता कुठे भरायला लागली होती. जखम धुऊन मी पट्टी बांधत होते, निम्मी बांधून झाली होती, तेवढ्यात आमची रिसेप्शनिस्ट मारिसोल दार न वाजवताच आत आली आणि सुनंदाकाकूंचा फोन आहे म्हणाली. काकू क्लिनिकच्या वेळेत कधीच फोन करत नसत. फोन कानाला लावला, तर त्यांचा आवाज अगदी शांत होता. "वैशाली, हे सकाळी उठलेच नाहीत गं..." एवढंच त्या बोलल्या.

काकूंचे यजमान आणि आमचे सर, डॉ. सुधाकर गजभिये, झोपेतच गेले. मी फोन ठेवला. खरं सांगायचं तर पहिल्यांदा रडू आलं नाही. पहिल्यांदा मनात आलं ते हे, की आता या माणसाच्या पायाला मला हात लावता येतो का? कारण मी डॉक्टर नाही, फिजिशियन असिस्टंट आहे. इथे त्याला पीए म्हणतात, आणि त्यामुळे नागपूरला माझी आई शेजारपाजारी अजूनही सांगते की पोरगी अमेरिकेत एका डॉक्टरची पीए आहे, म्हणजे मंत्र्यांचे असतात तशी. प्रत्यक्षात मी रुग्ण तपासते, औषधं लिहून देते, टाके घालते, पण आमच्या इलिनॉयमध्ये हे सगळं एखाद्या डॉक्टरशी लेखी करार असेल तरच करता येतं. माझा करार सरांशी होता. सरच नाहीत म्हटल्यावर करारही उरला नाही. माझं लायसन्स शाबूत होतं, हात शाबूत होते, आणि तरी मी त्या खोलीत कुणीच नव्हते. उरलेली पट्टी मी बांधली, स्टॅनला मोजा चढवला आणि मगच त्याला सांगितलं. ती शेवटची निम्मी पट्टी कायद्याने कुणाची, ते मला आजही सांगता येणार नाही.

सरांची ओळख झाली ती नेपरव्हिलमध्ये, एका शाळेच्या हॉलमधल्या बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली मी, नागपूरची बी. फार्म., काही वर्षं घरात बसून कंटाळलेली, मग हट्टाने पीएचं शिक्षण पुरं केलेली आणि नोकरी मिळत नाही म्हणून चिडलेली. जेवणाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या उंच, किडकिडीत गृहस्थांनी जयभीम करून विचारलं, नागपुरात कुठली? मी वस्तीचं नाव सांगितलं. ते शेजारच्याच वस्तीतले निघाले. ताटात भात वाढून घेता घेता त्यांनी माझी मुलाखत घेतली आणि सोमवारी शॉमबर्गला क्लिनिकमध्ये यायला सांगितलं. घरी ते मला काका होते, पण क्लिनिकमध्ये काका म्हणायचं नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. काका म्हटलंस तर माझी चूक दाखवताना लाजशील, म्हणाले. चूक दाखवायची वेळ बहुतेक त्यांच्यावरच यायची, हा भाग वेगळा.

क्लिनिक म्हणजे लॉन्ड्री आणि डोनटचं दुकान यांच्यामध्ये अंग चोरून बसलेल्या तीन खोल्या. हॉटेलात खोल्या झाडणाऱ्या बायका, गोदामातले कामगार, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले आणि प्रवासविम्याचा कागद हातात घट्ट धरून बसलेले आपल्याकडचे आईवडील, असे आमचे रुग्ण. सरांची कामाची एक पद्धत होती. मी रुग्ण तपासून, सगळं समजावून सांगितलं की ते दारावर टकटक करून आत यायचे, स्टुलावर बसायचे आणि रुग्णाला विचारायचे, हिने तुम्हाला काय सांगितलं? मला नाही, रुग्णाला. त्याला धड सांगता आलं नाही तर दोष माझा, मी पुन्हा पहिल्यापासून समजवायचं. या प्रकाराला ते उलटतपासणी म्हणत. सुरुवातीला मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. हळूहळू लक्षात आलं, की माझं बोलणंच बदललं आहे. स्टॅन तर त्यांना बघितलं की त्यांनी विचारायच्या आतच घडाघडा म्हणायचा, अनवाणी फिरायचं नाही, रोज तळवा आरशात बघायचा, लाल दिसलं की हिला फोन करायचा. सर गंभीर चेहऱ्याने त्याला पास करायचे.

हे सगळं कायद्याला नको होतं. डॉक्टर फोनवर मिळाले आणि अधूनमधून त्यांनी कामावर नजर टाकली, तरी कायद्याचं भागतं. मधे केव्हातरी कायद्यातले शब्दही बदलले. पूर्वी डॉक्टर पीएवर देखरेख करायचा, आता दोघांनी मिळून काम करायचं, असं आलं. मला बरं वाटलं होतं. सर म्हणाले, शब्द चांगला आहे, पण मिळून काम करायला दोघं तिथे असावे लागतात. ते माझी प्रत्येक नोंद वाचायचे, अगदी सर्दीपडशाचीसुद्धा. एकदा मी वैतागून म्हटलं, सर, सर्दीवर सही करायला एवढं काय वाचायचं? त्यांनी चष्मा काढला. "माझा बाप सही करायला शिकला तेव्हा मी चौथीत होतो. तोवर अंगठा. समोरच्याने कागदावर काय लिहिलंय ते न कळता आयुष्यभर अंगठा दिला त्यांनी. मला वाचता येतं बाई, मग मी न वाचता कशी देऊ?" पुन्हा मी तो विषय काढला नाही.

आमचा घात झाला तो याच स्वभावामुळे. करारात दुसऱ्या, पर्यायी डॉक्टरचं नाव घालायची सोय असते. पहिला आजारी पडला, गेला, तर दुसरा लगेच उभा राहतो आणि काम थांबत नाही. सरांनी ती जागा रिकामी ठेवली होती. मन लावून शोधलं नाही, असं नाही. पुण्याचे डॉ. केदार, आमच्यातलेच, हसतमुख माणूस, एकदा क्लिनिक बघायला आलेही होते. सरांनी त्यांना विचारलं, महिन्यातून किती वेळा येऊन बसाल? केदार हसले. "यायचं कशाला सर? मी साइन करून टाकतो ना यार, काही लागलं तर कॉल करेल ती." सरांनी त्यांना चहा पाजला, गाडीपर्यंत सोडलं आणि नाव काही घातलं नाही. मी नंतर म्हटलं, नावापुरतं तरी असू दे. तर म्हणाले, नावापुरतं असेल तर तुझ्यामागे कुणीच नसेल, आणि तुला वाटेल की कुणीतरी आहे. बघू पुढच्या वर्षी...

पुढचं वर्ष आलंच नाही. फ्युनरल होममध्ये त्रिशरण-पंचशील झालं, थंडीने गारठलेली आम्ही मंडळी कोट घालूनच उभी होतो, आणि वंदना म्हणताना माझं अर्धं लक्ष केदारांकडे होतं. लाज वाटते सांगायला, पण होतं. बाहेर पार्किंग लॉटमध्ये मी त्यांना गाठलं. ते खरोखर कळवळले. पण मधल्या काळात त्यांनी स्वतःची प्रॅक्टिस मोठ्या हॉस्पिटल ग्रुपला विकली होती, आणि त्या ग्रुपच्या डॉक्टरांना बाहेर कुणाशी करार करायची मुभा नाही. मग मी फोन करत सुटले. कुणी नोकरीत अडकलेलं, कुणाचा वकील नको म्हणत होता, कुणी निवृत्तीच्या वाटेवर. सरांचा मुलगा रोहन क्लिनिक आवरायला सिअ‍ॅटलहून आला होता. मी त्याला म्हटलं, थोडी वाट बघ, मी कुणालातरी आणते. तो मान खाली घालून म्हणाला, "वैशालीताई, आय नो यू आर ट्रायिंग. बट देअर इज नो डॉक्टर." त्याचं काय चुकलं?

त्या दिवसांत मी रोज क्लिनिकमध्ये जायचे. रुग्ण तपासायची परवानगी नाही, तर फोन घ्यायचे, लोकांना दुसऱ्या दवाखान्यांचे पत्ते द्यायचे. स्टॅनला मी पायांच्या दवाखान्याची अपॉइंटमेंट मिळवून दिली, तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली. तोवर इमर्जन्सीत जा म्हटलं, तर तो गेला, तासन्‌तास बसला आणि कंटाळून घरी परतला. एके दिवशी सकाळी तो वेटिंग रूममध्ये येऊन बसला. मोजा ओला झाला होता आणि वास मला काउंटरपर्यंत येत होता. मी त्याच्यासमोर जाऊन बसले. तो म्हणाला, फक्त बघ तरी. मला बघता आलं असतं, हात लावता आला नसता. आणि हात लावता येणार नसेल तर बघून मी त्याला काय सांगणार होते? मी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. ती येईपर्यंत तो मला जुन्या सवयीने म्हणून दाखवत होता, अनवाणी फिरलो नाही, रोज आरशात बघितलं, लाल दिसल्यावर तुलाच फोन केला... सगळं बरोबर सांगितलं त्याने. पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

मला सरांचा राग येतो. मृत्युलेखात असं लिहीत नाहीत, पण येतो. एक नाव टाकायचं होतं कागदावर. न येणारं, न वाचणारं, कुणाचंही. ते असतं तर दुसऱ्या दिवशी मी स्टॅनची पट्टी बदलली असती. आणि राग येतो तेव्हाच हेही कळतं, की तसं नाव टाकणारा माणूस मला स्टॅनचा पाय सांभाळायला शिकवूच शकला नसता. सर बरोबर होते आणि त्याचा कुणालाही काही उपयोग झाला नाही. या दोन गोष्टी मला एकत्र बसवता येत नाहीत, आणि कधी येतील असंही वाटत नाही.

शेवटी क्लिनिकची जागा आणि जुन्या नोंदी ठिकठिकाणी अर्जंट केअर दवाखाने चालवणाऱ्या एका कंपनीने घेतल्या. मलाही घेतलं. माझा करार आता दुसऱ्या शहरातल्या एका डॉक्टरशी आहे. ते सभ्य असावेत, आमची भेट झालेली नाही. बरीच क्लिनिकं त्यांच्या नावावर चालतात. दारावर कुणी टकटक करत नाही. मी समजावून सांगते, रुग्ण मान हलवतो, जातो. त्याला काय कळलं ते मला कळत नाही.

जुन्या नोंदी नव्या कॉम्प्युटरवर आल्या तेव्हा त्यात एकच नोंद अपुरी होती. त्या सकाळची, स्टॅनची. काकूंना परत फोन लावायच्या आधी मी ती लिहिली होती. जखम भरते आहे, कडा स्वच्छ आहेत, पाय वाचेल असं वाटतं. खाली ओळ होती, डॉ. गजभिये यांच्या सहीच्या प्रतीक्षेत. दिवसाचं काम संपलं की मी ती उघडायचे. सगळ्या जगातून सर निघून गेले होते, पण त्या एका ओळीत ते अजून यायचे होते, चष्मा लावून वाचणार होते, दोन चुका काढणार होते. मी कुणाला काही बोलले नाही. गेल्या आठवड्यात उघडली तर ती ओळ नव्हती. नव्या डॉक्टरांनी महिनाअखेरच्या ढिगाबरोबर तीही निकाली काढली होती. पाय वाचेल असं वाटतं, या माझ्या वाक्याखाली आता त्यांची सही आहे, आणि सहीच्या वर छापलं आहे : वाचलं, सहमत.