कार्मिनची आठ व्होल्टची तपासणी

गोखिवऱ्याच्या आमच्या कारखान्यात एलईडीच्या पट्ट्या बनत. मी बावीस वर्षं डाग दिले, म्हणजे सोल्डरिंग केलं. कार्मिन लोपीस तपासायची.

पूर्ण बारा व्होल्ट दिले की चांगले-वाईट सगळेच एलईडी झगझगतात. कार्मिन बटण फिरवून आठाच्या जरा वर आणायची. तेवढ्यावर दिवे जेमतेम मिणमिणतात आणि तिथेच खरं कळतं. ज्याच्या आत खोट, तो काळा राहतो किंवा शेजाऱ्यापेक्षा मंद दिसतो. एका पट्टीला चार मिनिटं. डोळ्यांना उजेड लागू नये म्हणून टेबलावर काळं कापड टांगून ती आत डोकं घालायची.

मालक अल्पेशभाई चिडवायचे, "कार्मिन, आत कन्फेशन चाललंय काय?"

"तुमच्या मालाचं. पापं फार हायेत, वेळ लागणार," ती आतूनच म्हणायची.

पास झालेल्या पट्टीमागे ती मार्करने 'क' लिहायची. त्यानंतर ती पट्टी कोणी तपासत नसे.

तिच्या गावच्या चर्चची ऑर्डर तिनेच आणली. सणासाठी वेदीमागे साठ पट्ट्या, उजेड कमी-जास्त करायला बटणासह. फादरांना तिने शब्द दिला होता. वीस पट्ट्या तपासून झाल्या आणि तिची सासू पडली. दवाखान्यात जाताना ती म्हणाली, "श्रीपत, चाळीस राहिल्यात. आठावर बघ हां. बारावर बघून फसशील."

चाळीस गुणिले चार, एकशे साठ मिनिटं. टेम्पो दुपारी येणार होता. मी सगळ्या बारावर लावल्या, पेटल्या, आणि मागे 'क' लिहून बांधल्या. माझं नाव नाही लिहिलं. हे मुद्दाम सांगतो.

सणाच्या संध्याकाळी प्रार्थनेला उजेड कमी केला, तेव्हा वेदीमागे ठिकठिकाणी काळे डाग उमटले. लोक खाली मान घालून हसले. पट्ट्या काढल्या, तर मागे 'क'.

सोमवारी अल्पेशभाईंनी सगळ्यांसमोर विचारलं. कार्मिनने माझ्याकडे बघितलं. "तू आठावर बघितल्यास ना?"

मी म्हणालो, "हो." म्हणजे खराब निघाल्या त्या तिच्या वीसांतल्या, असंच सगळ्यांनी धरलं.

ती पुढे एक शब्द बोलली नाही. तिला खोके भरायला बसवलं. गावात तिला 'काळ्या दिव्यांची बाई' म्हणू लागले. वर्षभर तिने खोके भरले, मग काम सोडलं. तिच्या जागी आलेली मुलगी बारावरच तपासते. कोणी काही म्हणत नाही.

निवृत्त झाल्यावर मी तिच्या घरी गेलो. ती अंगणात केळीची पानं कापत होती. उभ्याउभ्याच मी सगळं सांगितलं.

"मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "आठावर बघितल्या असत्यास तर दिसल्याच असत्या. तू आंधळा नाय."

"मग बोलली का नाहीस?"

"मी कशाला बोलू? तोंड तुला होतं ना?"

मी माफी मागितली. तिने पानं बांधली, गाठ मारली.

"मला सांगून काय होणार? ज्यांनी ते डाग बघितले, त्यांना सांग."

म्हणून तिच्या गावच्या मासिकाच्या या अंकासाठी लिहिलं. त्या चाळीस पट्ट्या कार्मिनने तपासल्या नव्हत्या. मी, श्रीपतने, न तपासता पाठवल्या. काढलेल्या खराब पट्ट्यांमागचे 'क' सगळे माझ्या हातचे होते; तिच्या वीसांतली एकही काळी पडली नव्हती.